गाडीची किल्ली

मूल पहिले पाऊल टाकते तो दिवस घरोघरी लक्षात राहतो. ते प्रथम शाळेत जाते तो दिवसही आपण विसरत नाही. परंतु घराची रोजची घडी बदलून टाकणारा आणखी एक दिवस असतो. मुलगा किंवा मुलगी वाहन चालवण्याचा परवाना मिळवून प्रथमच एकट्याने घराबाहेर पडते, तो हा दिवस. किल्ली मुलाच्या हाती जाते आणि त्याबरोबर आईवडिलांचे जीवनही बदलते. हा बदल कोणता आणि तो कसा पेलावा, हे आपण चेन्नई शहराच्या उदाहरणावरून समजून घेऊ या. तुमच्यापैकी काही जण स्वतः पालक असतील, तर काही जण अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतील. किल्ली देणारे आणि घेणारे अशा दोघांनीही विचार करावा असा हा विषय आहे.

ने-आण करणारे पालक

तमिळनाडूत मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. सतराव्या शतकात तंजावर येथे भोसल्यांचे राज्य आले, तेव्हापासून तेथे राहिलेल्या कुटुंबांचे वंशज आज चेन्नईतही आढळतात. नोकरी-व्यवसायासाठी अलीकडे गेलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा कुटुंबांचे आजी-आजोबा, काका-मामा बहुधा दूर महाराष्ट्रात असतात. त्यामुळे मुलांना शाळेत पोहोचवणे, शिकवणीहून आणणे हा सारा भार आईवडिलांवरच पडतो.

चेन्नईत सार्वजनिक वाहतुकीची सोय चांगली आहे. शहर बससेवा आणि उपनगरी रेल्वे जुन्या आहेत. जून २०१५ पासून मेट्रोही धावू लागली. २०२१ पासून साध्या शहरी बसगाड्यांतून महिलांना विनामूल्य प्रवास करता येतो. तरीही भल्या पहाटेची शिकवणी, थांब्यापासून दूरची गल्ली आणि रणरणते ऊन यांमुळे अनेक घरांत दुचाकीवाचून चालत नाही. आईचा दिवस मग घड्याळाला बांधला जातो. सकाळी सोडणे, दुपारी आणणे, संध्याकाळी पुन्हा सोडणे! या तुकड्यांच्या मधल्या वेळात सलग असे कोणतेच काम होत नाही.

मुलाच्या हाती किल्ली येताच हा वेळ अचानक मोकळा होतो. अर्धवट राहिलेले शिक्षण, सोडून दिलेली नोकरी, एखादा छंद यांकडे पालकाला पुन्हा वळता येते. हा लाभ मोठा आहे. मात्र त्याबरोबर काही हरवतेही. समोरासमोर बसून जे बोलणे जमत नाही, ते मागच्या आसनावरून सहज बोलून होते. परीक्षेची भीती, मैत्रिणीशी झालेले भांडण, वर्गातील एखादी गंमत अशा गोष्टी आईला याच वाटेवर कळत असतात. ती वाट संपली, की या संवादासाठी वेगळा वेळ काढावा लागतो.

दुसरा बदल काळजीचा. आतापर्यंत पालक थकत होता. आता तो वाट पाहतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईतील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. वेळचेरीसारख्या सखल भागांत रस्त्यांवर पाणी साचते आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. अण्णा सालैवर वाहनांची दाटी, तर महाबलीपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारा मार्गावर मोकळ्या रस्त्याचा मोह! ही काळजी अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन चालवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी मात्र सोळाव्या वर्षानंतर, पालकाच्या लेखी संमतीने मिळालेल्या परवान्यावर चालवता येते. १९७२ साली आलेली पुण्याच्या कायनेटिकची लूना आणि १९८० साली तमिळनाडूतील होसूर येथून आलेली टीव्हीएस ५० ही अशी छोटी वाहने होती. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीहून मोठ्या असतात. त्यामुळे या सवलतीचा आधार घेऊन सोळा वर्षांच्या मुलाला घरातील स्कूटर देता येत नाही.

प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने असते. तो मिळाल्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. या काळात दुचाकीवर मागे शिकवणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणालाही बसवता येत नाही.

सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पालकांची जबाबदारी अधिक स्पष्ट केली. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले किंवा आपण ते टाळण्याचा पुरेपूर प्रयत्न केला, हे सिद्ध केले तरच पालकाची सुटका होते. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप ठेवला गेला आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. हौसेपोटी वेळेआधी दिलेली किल्ली किती घरे उद्ध्वस्त करू शकते, हे यावरून ध्यानात येते.

किल्ली देण्याची रीत

अठरा वर्षे पूर्ण झाली, परवाना मिळाला, म्हणजे अनुभवही आला असे नव्हे. न्यूझीलंडने १९८७ साली नव्या चालकांसाठी टप्प्याटप्प्यांची परवाना पद्धत सुरू केली. तीत आरंभी रात्री वाहन चालवण्यावर आणि सोबती नेण्यावर मर्यादा असतात. अनुभव वाढेल तशा त्या उठतात. आपल्याकडे असे टप्पे घरातच ठरवता येतात. आधी दिवसाउजेडी ओळखीचा रस्ता, मग गर्दीचा मार्ग, त्यानंतर पाऊस आणि शेवटी रात्र. पहिले काही महिने मागे मित्र बसवू नये आणि वेगाची पैज तर कधीच लावू नये.

नियम पालकांसाठीही हवेत. मूल रस्त्यावर असताना “कुठपर्यंत आलास?” असे विचारण्यासाठी केलेला फोन त्याचे लक्ष विचलित करतो. तेव्हा काळजीतून केलेला फोनच अपघाताला निमित्त ठरू शकतो. पोहोचल्यावर मुलाने कळवावे आणि तोवर पालकाने धीर धरावा, हेच बरे. स्वतः हेल्मेट न घालणाऱ्या वडिलांचा उपदेश मुलाला पटत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. मुलगा अठरा वर्षांचा होताच त्याला किल्ली मिळते आणि मुलीला मात्र “तुला कशाला? आम्ही सोडू की!” असे सांगितले जाते. या प्रेमात तिचे परावलंबन दडलेले असते. शिक्षण आणि नोकरी यांच्या वाटेवर तिलाही स्वतःच्या बळावर जाता आले पाहिजे.

किल्ली वेळेआधी देणे हे लाड आहेत. वेळ आल्यावरही ती न देणे हा अविश्वास आहे. या दोहोंच्या मधला मार्ग शिकवण्याचा आहे. आजवर पालक वाहन चालवत होता आणि मूल मागे बसत होते. आता चालवणारे मूल आहे. मागच्या आसनावर पालक नसला, तरी त्याने लावलेली सवय मुलाच्या सोबतीला असते. मुलाबरोबर रोज रस्त्यावर जाते ती हीच शिदोरी.