डांबरी रस्त्यांची सील कोटपूर्व तयारी

जुना डांबरी पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा व अभंग करून त्यावर द्यावयाचा सील कोट त्याला घट्ट चिकटेल अशी व्यवस्था करणे, यास सील कोटपूर्व तयारी म्हणतात. सील कोट हा बिट्युमेन व बारीक खडी किंवा वाळू यांचा पातळ थर असतो. तो पाण्यास अटकाव करतो. रस्त्याचे बळ मात्र वाढवीत नाही. त्यामुळे त्याचा टिकाऊपणा खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो.

ऊन व हवा यांमुळे बिट्युमेनाचे ऑक्सिडीभवन होऊन ते ठिसूळ बनते. पृष्ठभाग करडा पडतो, खडी सुटते व भेगा पडतात. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या संग्रामपूर (जि. बुलढाणा) परिसरासारख्या काळ्या मृदेच्या प्रदेशांत या भेगा विशेष घातक ठरतात. ही मृदा पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. भेगांतून पाणी मुरल्यास तिचे धारणबल घटून रस्ता खचतो.

तयारीत प्रथम खड्डे चौकोनी कापून भरतात व भेगा बुजवितात. नंतर ताठ झाडूने किंवा हवेच्या झोताने धूळ काढतात. वाहनांच्या तेलाचे डाग खरवडून धुतात, कारण तेलकट जागी नवा थर धरत नाही.

यानंतरच्या फवाऱ्यास व्यवहारात सरसकट ‘प्राइमर’ म्हणतात. तथापि त्याचे दोन प्रकार आहेत. प्राइम कोट खडीच्या उघड्या, सच्छिद्र थरात मुरतो. म्हणून त्यासाठी कमी श्यानतेचे, सावकाश जमणारे बिट्युमेन पायस वापरतात. टॅक कोट जुन्या डांबरी पृष्ठभागावर राहून दोन थर जोडतो. त्यासाठी जलद जमणारे पायस लागते. टॅक कोटाचे प्रमाण दर चौ. मी. स सु. ०·२० ते ०·३० किग्रॅ. असते. शुष्क, झिजलेला पृष्ठभाग अधिक पायस शोषतो. डांबर पूर्णपणे निघून खडी उघडी पडलेल्या जागी मात्र प्राइम कोट देणे इष्ट असते.

पायस फवारताना तपकिरी दिसते व त्यातील पाणी निघून गेल्यावर काळे होते. हा रंगबदल पूर्ण होण्यापूर्वी पुढील थर दिल्यास पाणी अडकून तो सुटतो. प्राइम कोट सामान्यतः २४ तास मुरू देतात. पाऊस, धुके, धुळीचे वारे किंवा १०° से. पेक्षा कमी तापमान असताना फवारणी करीत नाहीत.

पायस कमी पडल्यास थर सोलून निघतो, तर अधिक झाल्यास विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात बिट्युमेन वर येऊन रस्ता निसरडा होतो. चाकोरीत खचलेल्या किंवा मगरीच्या कातडीसारख्या जाळीदार भेगा पडलेल्या रस्त्याचा दोष बहुधा पायथरात असतो. तेथे कोणताही लेप पुरेसा नसतो. पायथर दुरुस्त करून पाण्याचा निचरा सुधारल्यानंतरच सील कोट उपयोगी पडतो.