वेरूळला कारने जाताय? वार्षिक पास असूनही ‘समृद्धी’वर टोल का कापला जातो, जाणून घ्या

वेरूळ : फास्टॅगचा वार्षिक पास काढला, आता वर्षभर टोलची चिंता नाही, असे समजून अनेक जण सुटीत वेरूळची वाट धरतात. मात्र मुंबई, नाशिक किंवा नागपूरहून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांचा हा समज माळीवाडा इंटरचेंजवर बाहेर पडताना खोटा ठरतो. पास असूनही खात्यातून पैसे जातात. खात्यात पुरेशी रक्कम नसेल, तर दुप्पट टोल भरण्याची वेळ येऊ शकते.

कारण साधे आहे. वेरूळला येणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांचे मालक वेगळे आहेत आणि टोलचे नियमही वेगळे आहेत. काचेवरचा फास्टॅग मात्र दोन्हीकडे एकच चालतो. गोंधळ तिथेच होतो.

कोणता रस्ता कोणाचा?

धुळे, चाळीसगाव, कन्नडकडून येणारे वाहनचालक राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून वेरूळला पोहोचतात. बीड, सोलापूरकडून येणाऱ्यांचा रस्ताही हाच. येथील टोल केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ प्रमाणे आकारला जातो. कन्नडच्या अलीकडचा हतनूर टोलनाका याच मार्गावर आहे.

समृद्धी महामार्ग मात्र राज्याचा आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने म्हणजे एमएसआरडीसीने तो बांधला आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वेरूळसाठी माळीवाडा इंटरचेंज सोयीचा आहे. तेथून दौलताबाद, खुलताबादमार्गे किंवा कसाबखेडामार्गे वेरूळ गाठता येते.

वार्षिक पास कुठे चालतो?

खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठीचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यापैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत तो चालतो. म्हणजे त्या किमतीत एका फेरीला १५ रुपये पडत.

हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांसाठी आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा अटल सेतूवर तो चालत नाही. तिथे तोच टॅग साध्या फास्टॅगसारखा काम करतो आणि टोल वॉलेट किंवा बँक खात्यातून कापला जातो.

हतनूरसारख्या नाक्यावर जाताना एक आणि येताना एक, अशा पासमधील दोन फेऱ्या वजा होतात. पास नसेल आणि २४ तासांत परतायचे असेल, तर दोन्ही वेळचा मिळून टोल एकेरी दराच्या दीडपट असतो. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी वाहनासाठी सवलतीचा मासिक पासही मिळतो.

‘समृद्धी’वर टोल कसा मोजतात?

राष्ट्रीय महामार्गावर नाका ओलांडला की ठरलेली रक्कम कापली जाते. समृद्धीवर पद्धत वेगळी आहे. इंटरचेंजवर आत शिरताना टॅगची नोंद होते, बाहेर पडताना पुन्हा होते आणि मधल्या अंतरानुसार टोल आकारला जातो.

१ एप्रिल २०२५ पासून कारसाठी हा दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे. त्याआधी तो १ रुपया ७३ पैसे होता. हलक्या मालवाहू वाहनांसाठी व मिनी बससाठी दर ३ रुपये ३२ पैसे, तर बस आणि दोन आसांच्या ट्रकसाठी ६ रुपये ९७ पैसे आहे.

हिशेब सोपा आहे. कारने १०० किलोमीटर अंतर कापले तर साधारण २०६ रुपये आणि २०० किलोमीटरला ४१२ रुपये लागतात. परतीचे तेवढेच वेगळे. मुंबई-नागपूर पूर्ण प्रवासाला १,४४५ रुपये लागतात.

टॅग चालला नाही तर?

१ एप्रिल २०२५ पासून एमएसआरडीसीच्या नाक्यांवर फास्टॅग बंधनकारक आहे. फास्टॅगशिवाय टोल भरायचा तर दुप्पट रक्कम द्यावी लागते. २०० किलोमीटरच्या प्रवासाचे ४१२ रुपये मग थेट ८२४ होतात.

राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून वेगळा नियम आला. टॅग नसेल किंवा चालत नसेल, तर रोख भरणाऱ्याला दुप्पट आणि यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट टोल, असा तो नियम होता. टॅग सुरू आहे, शिल्लकही आहे, पण नाक्यावरील यंत्रच बिघडले असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर वाहन टोल न घेता सोडण्याची आणि शून्य रकमेची पावती देण्याची तरतूद २०१८ पासून आहे.

रांगेत रिचार्ज का चालत नाही?

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. लेनवरील अँटेनाच्या रेडिओ लहरींवर त्यातील चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. पैसे टॅगमध्ये नसतात, ते बँकेत असतात. क्रमांक नाक्याच्या बँकेकडून एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो आणि तिथे रक्कम वजा होते.

शिल्लक कमी असेल, केवायसी अपूर्ण असेल किंवा वाहनाच्या नोंदीत तफावत असेल, तर टॅग काळ्या यादीत जातो. एनपीसीआयचा १७ फेब्रुवारी २०२५ पासूनचा नियम असा : टॅग वाचला जाण्याआधी तासाभरापेक्षा जास्त काळ काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांतही सुरू झाला नाही, तर व्यवहार नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गांवर टॅगची स्थिती लगेच कळते. पण राज्यांच्या काही महामार्गांवर जुनी प्रणाली असल्याचे एनएचएआयनेच त्या वेळी स्पष्ट केले होते. त्यामुळे नाका समोर दिसल्यावर केलेले रिचार्ज उपयोगी पडेलच, याची खात्री नसते.

कडेला थांबणे जिवावर बेतू शकते

शिल्लक संपल्याचे लक्षात आले की काही जण गाडी चालवतानाच फोन हातात घेतात, तर काही जण महामार्गाच्या कडेला थांबतात. दोन्ही धोकादायक आहे. समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. तीन सेकंद नजर फोनवर गेली की १०० मीटर अंतर न पाहताच पार होते.

थांबलेल्या वाहनाचा धोका याच जिल्ह्याने पाहिला आहे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगाव टोलनाक्याजवळ भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या ट्रकला मागून धडकली. त्यात १२ जणांचा मृत्यू झाला. रिचार्जसारखे काम निघण्यापूर्वी घरी, नाहीतर इंटरचेंजच्या बाहेर आल्यावरच करावे.

निघण्यापूर्वी हे तपासा

- जाण्या-येण्याचे किलोमीटर गुणिले २.०६, एवढी रक्कम वॉलेटमध्ये ठेवा. पास असला तरी.
- टॅग सुरू असल्याची खात्री आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपवर करा.
- वार्षिक पासच्या किती फेऱ्या उरल्या, ते राजमार्गयात्रा अ‍ॅपवर पाहा.
- टॅग काचेला आतून नीट चिकटवा. हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो.
- टोलचा एसएमएस जपून ठेवा. रक्कम दोनदा कापली गेल्यास टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. राष्ट्रीय महामार्गावरील अडचणींसाठी १०३३ हा क्रमांक आहे.
- टायरमधील हवा व झीज तपासून घ्या. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही.

माळीवाड्याला उतरल्यानंतर दौलताबादच्या जुन्या दरवाजातून जाणारा रस्ता अरुंद आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे कोंडी होते, अवजड वाहने कसाबखेडामार्गे वळवली जातात. शेवटचे म्हणजे, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. घृष्णेश्वराचे दर्शन त्या दिवशीही घेता येते. लेणी पाहायची असतील, तर टोलच्या हिशेबाबरोबर वारही बघून निघावे.