दाद : एका शब्दाचा अर्थ

आपल्या बेंबळी परिसरात ‘दाद’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. तो मूळ फार्सी, अर्थ न्याय. झालेला अन्याय दूर करून घेणे, हा त्याचा गाभा.

त्याची रूपे महार वतनाच्या लढ्यावरून नीट समजतात, असे आम्हांस वाटते. रात्रंदिवस राबणूक आणि मोबदला तुटपुंजा, हे त्या वतनाचे दुःख. १९२८ साली प. पू. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले; हे दाद मागणे. ते संमत झाले नाही. हे दाद न देणे. १९४१ साली आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले. पुन्हा दाद मागितली गेली. अखेर १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने अशी वतने रद्द केली, तेव्हा कुठे दाद लागली. मध्ये तीस वर्षे गेली.

याचकाला दया मिळते, हक्कदाराला दाद. म्हणूनच मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागणे, हाही घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कच ठरविला. बाबासाहेबांनी या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा म्हटले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शिष्यवृत्ती अडली तर अर्जात ‘कृपा करावी’ असे लिहू नका. काय अडले, केव्हापासून अडले, कोणत्या नियमाने मिळायला हवे, ते लिहा. शेवटी ‘दाद मिळावी’ असे लिहा आणि अर्जाची पोच घ्या.

जयभीम!