लोणारकरांची उल्कावारी

युरोपात गाडी घेऊन फिरणारे आपले लोक सहसा पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि व्हेनिसची होडी एवढं करून परततात. आमचा बेत वेगळा होता. आम्ही लोणारच्या उल्काविवराच्या बाजूचे, तेव्हा आकाशातून जिथे काही पडलंय तिथे जायचं, असं श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्याने ठरवून टाकलं. ‘खड्डेच पाहायचे तर आपल्या रस्त्यांवर कमी आहेत का?’ हा सौ.चा सवाल रास्त होता. तरी निघालो.

बुलढाण्याच्या आरटीओतून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, पण पहिले दोन दिवस चाक भाच्याकडेच राहू दिलं. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, आणि बाजूने सणसणत जाणारे जर्मन! आपल्या समृद्धी महामार्गावर ताशी 120 ची मर्यादा आहे. जर्मनीच्या महामार्गांवर बऱ्याच पट्ट्यांत मर्यादाच नाही; 130 ची फक्त शिफारस. फ्रान्समध्ये अंतराप्रमाणे टोल भरायचा, तर ऑस्ट्रियात आधीच ठरावीक दिवसांचा पास घ्यायचा. सीमेवर मात्र आम्हाला कोणी विचारलं नाही. मोबाइलने ‘फ्रान्समध्ये स्वागत’ म्हटलं तेव्हा कळलं की देश बदलला.

पहिला मुक्काम बव्हेरियातलं नॉर्डलिंगन. गाव गोल, भोवतीचा तटही गोल आणि आजही सलग. पावणेतीन किलोमीटरची फेरी त्याच्यावरून चालत मारता येते. मध्ये सेंट जॉर्ज चर्चचा ‘डॅनियल’ नावाचा नव्वद मीटर उंच मनोरा. साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलो आणि आधी थोडी निराशाच झाली. विवर कुठाय? भाचा हसून म्हणाला, ‘मामा, आपण त्याच्यातच उभे आहोत!’ रिस नावाचं हे विवर सुमारे 24 किलोमीटर रुंद आहे. शेतं, गावं, रेल्वे सगळं त्याच्या पोटात. काठ म्हणजे क्षितिजावरचे निळसर डोंगर. लोणारचा व्यास जेमतेम 1.8 किलोमीटर, काठावर उभं राहिलं की अख्खं डोळ्यांत मावतं. आकाराने रिस मोठं खरं, पण पाहणाऱ्याला धडकी भरवण्यात लोणार कितीतरी पुढे. हे मी गाववाला म्हणून सांगत नाही. रिसचा आघात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामुळे ते बुजत, झिजत आलंय. लोणार त्यामानाने कोवळं आहे.

या दोन्ही विवरांची कुंडली मात्र विलक्षण जुळते. दोन्ही ज्वालामुखीची समजली जात होती. 1960 मध्ये युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी रिसच्या दगडात कोएसाइट हे खनिज दाखवलं. प्रचंड दाबाशिवाय ते तयार होत नाही, म्हणजे इथे काहीतरी आदळलं होतं. डॅनियल मनोरा त्याच आघातातून घडलेल्या दगडाचा आहे आणि त्या दगडात सूक्ष्म हिरेही आहेत. पुरावा शतकानुशतकं चर्चच्या भिंतीत होता! लोणारकडे 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याचं लक्ष गेलं, पण आघाताची शास्त्रीय खात्री पटायला 1973 उजाडलं.

वाटेत श्टाइनहाइमचं छोटं विवर पाहिलं. मधल्या उंचवट्यावर चढून डबा खाल्ला, इतकंच.

फ्रान्समधल्या एन्सिसहाइमची गोष्ट जास्त रंगतदार. 7 नोव्हेंबर 1492 ला, म्हणजे कोलंबस अटलांटिकपलीकडे पोचून महिनाही झाला नव्हता तेव्हा, इथल्या शेतात सव्वाशे किलोंहून जड दगड आकाशातून पडला. लोक शुभ म्हणून तुकडे फोडून नेऊ लागले. पुढे सम्राट होणारा मॅक्सिमिलियन आला, त्याने हा शुभशकुन ठरवला आणि दगड चर्चमध्ये ठेवायला लावला. आता उरलाय तो निम्म्याहून कमी, गावच्या संग्रहालयात. आपल्याकडे लोणारला लवणासुर दैत्याचा वध करणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर उभं राहिलं. आकाशाचा धाक सगळीकडे सारखाच.

शेवटचा टप्पा व्हिएन्ना. तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात हजाराहून अधिक उल्कापाषाण मांडलेत आणि इथेच लोणारचा धागा सापडतो. 1865 मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला एक उल्कापाषाण पडला. व्हिएन्नाच्या गुस्ताव चेरमाक यांनी त्याचा अभ्यास करून 1872 मध्ये त्यातल्या काचेसारख्या पदार्थाला मॅस्केलिनाइट नाव दिलं. तो पाषाण मंगळावरचा, हे पुढे कळलं. तोच मॅस्केलिनाइट लोणारच्या खडकातही सापडला. चंद्र-मंगळावर बसाल्टची विस्तीर्ण मैदानं आहेत. पृथ्वीवर मात्र बसाल्टात असं सुस्थितीत टिकलेलं विवर लोणारसारखं दुसरं नाही. म्हणून जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना बुलढाणा जिल्हा ठाऊक असतो.

नॉर्डलिंगनकरांनी विवराचं स्वतंत्र संग्रहालय उभारलंय. अपोलोचे अंतराळवीर 1970 मध्ये तिथे खडक ओळखायला शिकले, तेही त्यात मिरवलंय. आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा माध्यमांची झुंबड उडाली. कारण होते खारट पाण्यातले सूक्ष्मजीव. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. मात्र उतारावरची वेडी बाभूळ आणि त्या तोडीच्या संग्रहालयाची उणीव, या दोन गोष्टींकडे आधी पाहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोणारला यायचं तर समृद्धीवरून मेहकरला उतरा. तिथून पंचवीसेक किलोमीटर. सेल्फी काढून परत फिरू नका. सकाळी लवकर या, काठावरच्या धारेच्या झऱ्यापासून खाली उतरून कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत चाला, आणि दगड खिशात घालू नका, हा सगळा परिसर अभयारण्य आहे.