उंच कुरणांतील चराई आणि मातीतील कर्ब : स्पिती खोऱ्याचा धडा

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे हे थंड वाळवंट आहे. सुमारे ४,२०० मीटर उंचीवरील किब्बर परिसरात गवत व झुडपांना वाढीसाठी उन्हाळ्याचे मोजकेच महिने मिळतात. याच तुटपुंज्या चाऱ्यावर भरल (निळी मेंढी) व आयबेक्स हे वन्य प्राणी जगतात आणि ग्रामस्थांची जनावरेही चरतात. चराई पूर्णपणे थांबविल्यास असे कुरण अधिक समृद्ध होईल, असे सहज वाटते. दीर्घकालीन प्रयोगाचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्पितीतील काही भूखंडांना कुंपण घातले, तर काही भूखंड याक, आयबेक्स यांसारख्या प्राण्यांसाठी खुले ठेवले. १६ वर्षांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. चराई बंद असलेल्या भूखंडांत मातीतील कर्बाचे वर्षागणिक चढउतार ३० ते ४० टक्के अधिक आढळले. त्यामागे नत्र हा महत्त्वाचा घटक होता. चरणारे प्राणी केवळ वनस्पती खात नाहीत. शेण, लेंड्या व मूत्रावाटे ते अन्नद्रव्ये मातीला परत देतात. थंड प्रदेशात पालापाचोळा सावकाश कुजत असल्याने या परतफेडीचे मोल अधिक असते.

वन्य प्राणी व पाळीव जनावरे

याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात पाळीव जनावरांच्या चराईक्षेत्रातील मातीत, वन्य प्राण्यांच्या क्षेत्राच्या तुलनेत, कर्बाचा साठा कमी आढळला. दोन्ही ठिकाणच्या सूक्ष्मजीवांत फरक होता. जनावरांना दिलेली टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके शेण-मूत्रावाटे मातीत उतरतात व सूक्ष्मजीवांच्या कार्यात बाधा आणतात, याकडे संशोधकांनी लक्ष वेधले.

विस्तार कार्यासाठी बोध

सरसकट चराईबंदी हा उपाय नव्हे आणि अनिर्बंध चराईही नव्हे. जनावरांची संख्या कुरणाच्या चराईक्षमतेनुसार ठरवावी. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. वन्य प्राण्यांसाठी काही क्षेत्र राखावे. किब्बरच्या ग्रामस्थांनी परस्पर संमतीने गावाच्या कुरणाचा काही भाग पाळीव जनावरांसाठी बंद ठेवला व तेथे भरलांची संख्या वाढली. डोंगरी कुरणाची पाहणी करताना गवताच्या उंचीबरोबर मातीतील सेंद्रिय कर्बाचीही नियमित तपासणी व्हावी. कारण कुरणाचा बहुतांश कर्ब जमिनीखालीच साठलेला असतो.