ब्रिजचे आयुष्य शेजारच्या दातांच्या हाती

दाढ काढल्यावर ब्रिज बसवायचे ठरले, की बोलणे नव्या दाताभोवतीच फिरू लागते. झिरकोनिया घ्यावा की मेटल-सिरॅमिक, रंग जुळेल का, वॉरंटी किती वर्षांची. ज्या दोन दातांच्या आधारावर तो दात उभा राहणार, त्यांची चौकशी क्वचितच कोणी करते. ब्रिजविषयीचे बहुतेक गैरसमज या एका दुर्लक्षातून जन्मतात, असे माझे ठाम मत आहे. मधला दात कृत्रिम असतो. त्याला मूळ नसते, तो किडत नाही, ठणकत नाही. चावण्याचा सगळा भार शेजारच्या खऱ्या दातांच्या मुळांवर आणि ती मुळे धरून ठेवणाऱ्या हाडावर पडतो. ब्रिज किती वर्षे चालणार हे त्या दातांच्या प्रकृतीवर ठरते. मटेरियलचा प्रश्न त्यानंतरचा.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा, की कॅप घातलेला दात किडूच शकत नाही, म्हणून ब्रिज बसला की जन्माची काळजी मिटली. कॅप दाताला वरून झाकते, पण हिरडीजवळ ती कुठेतरी संपते. तिथे कॅपची कड, सिमेंटची बारीक रेघ आणि खरा दात एकत्र येतात, आणि नेमका तिथेच जंतूंचा चिकट थर साचतो. कीड त्या सांध्यातून आत शिरते. आत मज्जातंतू आधीच काढलेला असेल, तर ती दुखतही नाही. वरून ब्रिज चकाचक दिसत असताना खालचा दात पोखरला जातो, म्हणून हे नुकसान उशिरा कळते. 2007 साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या नेहमीच्या पद्धतीच्या ब्रिजपैकी साधारण 89 टक्के 10 वर्षांनंतरही तोंडात टिकून होते. म्हणजे ‘दोन वर्षांत निघतो’ ही भीती जितकी चुकीची, तितकीच ‘जन्मभर टिकतो’ ही खात्रीही चुकीची. ब्रिजमधले दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा फ्लॉस वरून आत जात नाही. त्यासाठी ताठ टोकाचा सुपर फ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश लागतो आणि तो रोज कृत्रिम दाताच्या खालून फिरवावा लागतो. ब्रिज बसवून झाल्यावर हे आरशासमोर करून दाखवायला जी दहा मिनिटे लागतात, ती मला उपचाराचाच भाग वाटतात. रुग्णाने ती हक्काने मागून घ्यावीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे: एका दातासाठी दोन चांगले दात घासून बारीक का करायचे? पूर्ण कॅपसाठी दात तासताना हिरडीवर दिसणाऱ्या भागातला सुमारे 63 ते 72 टक्के भाग जातो, असे 2002 साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी प्रयोगशाळेत वजन करून दाखवले. हे नुकसान कायमचे आहे आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र त्याला जोडून येणारा दुसरा समज, म्हणजे ब्रिजसाठी आधाराच्या दातांचे रूट कॅनाल करावेच लागते, हा खरा नाही. पाण्याचा फवारा ठेवून काळजीपूर्वक तासलेल्या दातांपैकी बहुतेकांचा मज्जातंतू जिवंत राहतो. साधारण दहातल्या एका दाताचा मज्जातंतू पुढच्या दहा वर्षांत मरतो आणि त्या दातावर तेव्हा उपचार करता येतो. निरोगी दाताचे आधीच रूट कॅनाल केले, तर उरलासुरला दात आणखी पोकळ होतो. शिवाय शेजारचे दात आधीच सिमेंट किंवा चांदीने मोठ्या प्रमाणात भरलेले असतील, त्यांना कॅप तशीही लागणार असेल, तर तासण्याच्या आक्षेपात फारसा दम उरत नाही. समोरच्या दातांसाठी तर जवळजवळ न तासता, मागून पातळ पंख चिकटवून बसवायचा ब्रिजही आहे. 1973 साली रोशेट यांनी ती वाट दाखवली आणि पुढे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. दोन्ही बाजूंना पंख असले तर तो जास्त घट्ट बसेल, असे कोणालाही वाटेल. पण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, एक पंख नकळत सुटतो आणि त्याखाली कीड लागते. जर्मनीतल्या कील येथे मथियास केर्न यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा सिरॅमिकचे एका पंखाचे ब्रिजच जास्त टिकल्याचे आढळले.

‘इम्प्लांट आले, आता ब्रिज कालबाह्य’ हा आजचा लाडका समज. ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमध्ये 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड त्या धातूला घट्ट धरते, हा त्यांचा शोध दंतवैद्यकातला मोठा टप्पा आहे यात शंका नाही. इम्प्लांट शेजारच्या दातांना हात लावत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण वर उल्लेखलेल्याच आढाव्यात इम्प्लांटवरच्या एकेका दाताचे 10 वर्षे टिकण्याचे प्रमाणही 89 टक्क्यांच्या आसपासच निघाले. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीचे हाड मात्र जंतुसंसर्गाने झिजू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि आटोक्यात नसलेल्या मधुमेहात हा धोका वाढतो. दात काढल्यावर त्या जागेची रुंदी पहिल्या वर्षात जवळपास निम्मी होते, आणि ब्रिज ही झीज थांबवत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेव्हा निवड कशी करायची? दोन्ही शेजारी निरोगी, कधीही न भरलेले असतील तर इम्प्लांटचा विचार आधी. ते आधीच दुरुस्त झालेले असतील आणि मुळे भक्कम असतील तर ब्रिज हा उत्तम, कमी वेळ घेणारा पर्याय.

प्रत्येक फट भरलीच पाहिजे, हेही खरे नाही. समोरचा जोडीदार गेलेल्या दाढा खाली किंवा वर सरकतात हे खरे, पण 2000 साली किलियारिडिस आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ जोडीदार नसलेल्या दाढा तपासल्या, तेव्हा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेल्या दाढा सुमारे चौथ्या हिश्श्याएवढ्याच होत्या. नेदरलँड्समधल्या कायझर यांनी तर 1981 मध्येच दाखवले होते, की मागच्या दाढा नसल्या तरी पुरेशा जोड्या असतील तर माणूस व्यवस्थित चावू शकतो. अगदी शेवटची दाढ गेली, तर एकाच बाजूच्या आधारावर लटकता ब्रिज बसवण्यापेक्षा ती जागा तशीच ठेवणे बहुधा शहाणपणाचे, कारण अशा लटकत्या ब्रिजपैकी 10 वर्षांनी सुमारे 80 टक्केच टिकतात. कमी वयात गेलेली पहिली मोठी दाढ मात्र वेगळी. तिथे शेजारची दाढ झुकत येते आणि उशीर केला तर पुढचा उपचार अवघड होतो.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, या भीतीने किडलेली मुळे वर्षानुवर्षे तोंडात ठेवणारे आजही भेटतात. नजरेची नस आणि दातांची नस वेगळ्या आहेत. त्या मुळाचा संसर्ग मात्र शेजारच्या दाताचे, म्हणजे उद्याच्या आधाराचे, हाड खातो. हाच आधार रस्त्याकडेला तासाभरात ‘फिक्स दात’ बसवून देणाऱ्यांकडेही उद्ध्वस्त होतो. तिथे कच्चे अ‍ॅक्रिलिक दोन दातांमध्ये थेट ओततात आणि ते तोंडातच गरम होऊन घट्ट होते. ते हिरडीवर चढून बसते, खालून साफ करता येत नाही, आणि एका दाताऐवजी तीन दात जाण्याची वेळ येते.

बसवलेला ब्रिज चावताना किंचित हलल्यासारखा वाटला, एका कडेखालून पाणी किंवा दुर्गंधी आली, तर तो एका बाजूने सुटलेला असू शकतो. दुखत नसले तरी त्याच आठवड्यात तो तपासून घ्यावा. पूर्ण निघून हातात आला तर धुऊन डबीत ठेवावा आणि घरच्या कोणत्याही गोंदाने चिकटवू नये. आतला दात शाबूत असेल, तर अनेकदा तोच ब्रिज पुन्हा सिमेंटने बसवता येतो.