घर बदलताय? इंटरनेटचा करार आधी वाचा!

कष्टकरी माणसाच्या आयुष्यात बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग एकदा तरी येतोच. थळच्या खत कारखान्यातील कामगार निवृत्त झाला की कुरूळच्या वसाहतीतील क्वार्टर सोडावे लागते. कुणी मुंबईतील भाड्याची खोली सोडून थळला वडिलांच्या घरी परततो. कुणाचे रमाई आवास योजनेतील घरकुल पुरे होते. टेम्पोत भांडीकुंडी, कपाट, मुलांची दप्तरे चढतात. लाईटचे मीटर, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांची आठवण होते. इंटरनेटच्या जोडणीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सामान उतरल्यावर सुचतो. आणि फसगत होते ती तेथेच.

ही जोडणी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. कॉलेजचा प्रवेश, परीक्षेचा फॉर्म, निकाल, सारे ऑनलाइन. घरात शिकणारी दोन-तीन मुले असली की एका मोबाईलवर सर्वांचे भागत नाही. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली असताना महिनाभर जोडणी बंद पडली, तर नुकसान केवळ बिलापुरते राहत नाही.

मुळात एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोबाईलचे सिम आपल्याबरोबर येते, घरातील इंटरनेटची वायर येत नाही. कंपनीची मुख्य फायबर केबल रस्त्याने जाते, तिच्यापासून खांबावरील एका डब्यात वायर येते आणि त्या डब्यातून ठराविकच घरांना जोडणी देता येते. थळसारख्या गावात वस्त्या वाड्यावाड्यांत विखुरलेल्या. नव्या घराजवळ त्या कंपनीची केबल नसेल किंवा डब्यात जागा शिल्लक नसेल, तर जोडणी हलविता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा झाडे आणि खांब पडून वीज व फोन कसे बंद झाले, हे आपण सर्वांनी भोगले आहे. वायरीवरची सेवा जागेशी आणि खांबाशी अशी बांधलेली असते.

आता कराराकडे वळू. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले की जोडणीचा खर्च माफ, राउटर फुकट, अशी जाहिरात असते. मात्र अमुक महिने जोडणी चालू ठेवली पाहिजे, अशी अट खाली बारीक अक्षरांत असू शकते. मुदतीआधी बंद केल्यास माफ केलेला खर्च परत मागितला जातो. वायरमनला तोंडी ‘बंद करा’ सांगितले आणि कंपनीकडे नोंद झाली नाही, तर बिल चालूच राहते. राउटर जुन्या घरी राहिला तर त्याची किंमत लावली जाते. बँकेतून आपोआप पैसे कापण्याची मंजुरी दिली असेल, तर कपात होत राहते.

म्हणून आमचे सांगणे असे. घर हलविण्यापूर्वी महिनाभर आधी नवा पत्ता कळवून तेथे जोडणी मिळेल का, हे लेखी विचारावे. ‘मिळेल’ म्हणाले तर तारीख व खर्च लिहून घ्यावा. ‘मिळणार नाही’ म्हणाले तर तेही लेखी घ्यावे. पुढे हाच मोठा पुरावा ठरतो. नव्या पत्त्यासाठी घरपट्टीची पावती किंवा लाईटबिल तयार ठेवावे. राउटर परत करताना पावती घ्यावी आणि बँकेची मंजुरी स्वतः रद्द करावी. अनामत रक्कम भरली असेल तर ती लेखी मागावी. हे सारे कागद घरातील भगिनींनी एका पिशवीत जपून ठेवावेत.

एवढे करूनही कंपनी ऐकत नसेल तर? दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

त्यापुढचा दरवाजा ग्राहक आयोगाचा. तो दरवाजा काही वर्षे जवळजवळ बंदच होता. टेलिफोनची भांडणे ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. पुढे अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येत असताना एकदम २४ हजारांवर बिल आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे तक्रार केली. व्होडाफोन आयडियाने ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी निकाल लागला, की दूरसंचार सेवेच्या ग्राहकालाही ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. एका सामान्य माणसाच्या चिकाटीने सर्वांची वाट मोकळी झाली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी थळच्या माणसाला अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत केली पाहिजे.

पाचशे-हजार रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण ते पैसे एखाद्या बाईच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीचे असतात. ते सोडून देण्याआधी निदान एक अर्ज लिहावा. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांच्याकडूनच तो लिहून घ्यावा.